कॉफी सौम्य हवी, पाणचट नको

बदलीच्या निमित्ताने चेन्नईत राहायला आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली परीक्षा बहुधा कॉफीच्या दुकानात होते. मैलापूर असो, मांबळम असो की ट्रिप्लिकेन, जुन्या वस्तीत कॉफी भाजून, दळून देणारे एखादे तरी दुकान सापडतेच. दुकान दिसण्याआधी त्याचा वास येतो. आत बियांचे डबे, बाजूला घरघरणारे यंत्र आणि समोर रोजची गिऱ्हाइके. ती दोन शब्दांत आपली मागणी सांगतात आणि कोमट पुडी पिशवीत टाकून निघून जातात. नवी गृहिणी मात्र ‘‘अर्धा किलो कॉफी द्या,’’ एवढेच म्हणते आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. प्लांटेशन हवी की पीबेरी? रोबस्टा मिसळायची का? चिकोरी किती? दळण बारीक की मध्यम? जन्मभर चहा उकळलेल्या घरातून आलेल्या बाईला यातले काय कळणार? मग सुटका करून घेण्यासाठी ती म्हणते, ‘‘फार कडक नको. माइल्ड द्या.’’

दुकानदार मान हलवतो, पुडी बांधली जाते. घरी आल्यावर त्या पुडीतून काय निघेल याचा मात्र नेम नसतो. कधी कॉफी काळीकुट्ट आणि दाट होते, पण तिला कॉफीचा वासच नसतो. कधी ती पाणचट उतरते. कधी इतकी कडू होते की साखरेचा चमचा वाढवावा लागतो. महिन्याच्या वाणसामानात कॉफी ही काही स्वस्त वस्तू नाही. २०२४ सालात आणि २०२५च्या सुरुवातीला तर जागतिक बाजारात कॉफीचे भाव विक्रमी पातळीवर गेले होते. अशा वेळी आपण पैसे नेमके कशाचे मोजतो, कॉफीचे, मुळाच्या भुकटीचे की नुसत्या रंगाचे, हे प्रत्येक गृहिणीला कळायला हवे. त्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. थोडा वेळ, तीन कप आणि स्वतःची जीभ एवढे पुरेसे आहे.

‘माइल्ड’चे चार अर्थ

सारा घोटाळा ‘माइल्ड’ या एका शब्दामुळे होतो. कॉफीच्या जगात या शब्दाला निदान चार अर्थ आहेत आणि गिऱ्हाइकाच्या मनातला अर्थ दुकानदाराच्या मनातल्या अर्थाशी जुळेलच असे नाही.

पहिला अर्थ व्यापाऱ्याचा. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेने भावांसाठी कॉफीचे जे चार गट केले आहेत, त्यांत ‘कोलंबियन माइल्ड्स’ आणि ‘अदर माइल्ड्स’ असे दोन गट आहेत. हे दोन्ही गट धुऊन तयार केलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीचे. उरलेले दोन गट म्हणजे ब्राझीलची न धुता वाळवलेली अरेबिका आणि रोबस्टा. म्हणजे व्यापारात ‘माइल्ड’ हे बियांच्या जातीचे आणि तयारीचे नाव आहे.

दुसरा अर्थ भाजणाऱ्याचा. बी कमी भाजली की रंग दालचिनीसारखा राहतो, आंबटपणा आणि फळासारखा गंध टिकतो. जास्त भाजली की रंग काळपट होतो, तेल वर येते आणि कडवटपणा वाढतो. तेव्हा भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाला ‘माइल्ड’ म्हणजे हलकी किंवा मध्यम भाजणी वाटते.

तिसरा अर्थ जिभेचा. कडवटपणा कमी, आंबटपणा सौम्य, घशाला ओरखडा नाही आणि प्यायल्यावर तोंडात गोडसर चव रेंगाळते, ती माइल्ड.

चौथा अर्थ शरीराचा. ज्या कॉफीने छातीत धडधडत नाही आणि रात्रीची झोप उडत नाही ती माइल्ड. घरातल्या वडीलधाऱ्यांना बहुतेक वेळा हाच अर्थ अभिप्रेत असतो.

हे चारही गुण एकाच पुडीत येतील असे गृहीत धरणे चुकीचे आहे. जिभेला मऊ लागणारी कॉफी झोप उडवू शकते आणि रंगाने काळीकुट्ट दिसणारी कॉफी शरीराला अगदीच हलकी असू शकते. म्हणून पारख करण्याआधी आपल्याला कोणती माइल्ड हवी हे ठरवावे लागते.

डब्यांवरची नावे

दुकानातल्या डब्यांवरची नावे एकदा समजली की अर्धे काम झाले. भारतात प्रामुख्याने दोन जातींची कॉफी होते, अरेबिका आणि रोबस्टा. उत्पादनात रोबस्टाचा वाटा बराच मोठा आहे. अरेबिका उंच डोंगरावर, झाडांच्या सावलीत वाढते. कर्नाटकातील चिकमगळूर व कोडगू आणि तमिळनाडूतील शेवरॉय, निलगिरी व पळणीचे डोंगर हे तिचे प्रदेश. रोबस्टा कमी उंचीवर, अधिक उष्ण हवेत येते. केरळमधील वायनाड तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. चिकमगळूरजवळच्या डोंगररांगेला बाबा बुडन यांचे नाव आहे. सतराव्या शतकात त्यांनी येमेनहून सात बिया आणून तेथे लावल्या, अशी आख्यायिका सांगतात.

‘प्लांटेशन’ हे भारतीय व्यापारातले धुतलेल्या अरेबिकाचे नाव. पिकलेल्या लाल फळाची साल काढायची, बीवरचा बुळबुळीत थर आंबवून सुटा करायचा, बी धुवायची आणि मग वाळवायची, अशी ही पद्धत. यामुळे चव स्वच्छ राहते आणि आंबटपणा उठून येतो. फळ तसेच आख्खे वाळवले तर ती ‘चेरी’. अशा कॉफीत गोडवा आणि दाटपणा अधिक असतो, पण हलगर्जीपणा झाला तर मातकट वास येतो. रोबस्टा धुऊन तयार केली तर ती ‘पार्चमेंट’. नावापुढची ए, बी, सी ही अक्षरे बीच्या आकारावरून येतात, चवीवरून नव्हे. मोठी बी म्हणजे चांगली चव, असे काही नसते.

आता ‘पीबेरी’. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया समोरासमोर असतात. थोड्या फळांत मात्र एकच बी वाढते आणि ती वाटाण्यासारखी गोल होते. गोल असल्याने ती भट्टीत गडगडत राहते आणि सगळीकडून सारखी भाजली जाते, असे भाजणारे सांगतात. चेन्नईच्या जुन्या गिऱ्हाइकांचा पीबेरीवर फार जीव. तरीही ती कोणत्या मळ्याची आणि कोणत्या जातीची, हे विचारायला हवे. रोबस्टालाही पीबेरी असते.

एकेकाळी असे विचारण्याची सोयही नव्हती. १९४२च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करावी लागे आणि तेथून ती लिलावात विकली जाई. कोणत्या मळ्याचे पीक कोठे गेले याचा पत्ता राहत नसे. १९९२पासून ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६पर्यंत मळेवाल्यांना आपले पीक खुल्या बाजारात विकण्याची मोकळीक मिळाली. आज पुडीवर मळ्याचे नाव दिसते ते त्यामुळेच.

चिकोरी: मैत्रीण की सवत?

मराठी माणसाला चिकोरी म्हणजे भेसळ वाटते. चेन्नईत तसे नाही. तेथे अनेक घरांत चिकोरीशिवाय फिल्टर कॉफी पूर्णच होत नाही. चिकोरी ही निळ्या फुलांची एक वनस्पती. तिचे मूळ वाळवून, भाजून दळतात. भारतात तिची लागवड मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते. युरोपात ती फोफावली नेपोलियनच्या काळात. १८०६ साली त्याने इंग्लंडशी व्यापार बंद केला, कॉफीची आवक आटली आणि फ्रेंचांनी मुळाच्या भुकटीवर तहान भागवली.

या मुळात इन्युलिन नावाची शर्करा असते. भाजताना तिचा कॅरमेल होतो आणि त्यामुळे गडद रंग, दाटपणा आणि कडसर गोडवा येतो. चिकोरीत कॅफिन नसते आणि कॉफीचा गंधही नसतो. थोडी घातली तर काढ्याला, म्हणजे डिकॉक्शनला, अंग येते आणि तो दुधात हरवत नाही. जास्त झाली की ती कॉफीला झाकून टाकते. मग कपात राहतो तो रंग, दाटपणा आणि जळक्या साखरेची चव. गंमत म्हणजे अशा कपाला बरेच लोक ‘कडक कॉफी’ म्हणतात. प्रत्यक्षात कॉफीच्या हिशेबाने तो सगळ्यात कमकुवत कप असतो.

कायद्याने चिकोरीला मनाई नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११च्या नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचे प्रमाण निदान ५१ टक्के असायला हवे आणि पाकिटावर दोन्हींचे प्रमाण छापायला हवे. म्हणजे ‘फिल्टर कॉफी’ असे ठसठशीत नाव असलेल्या पाकिटात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते आणि त्यात बेकायदा काहीच नसते. ते प्रमाण बारीक अक्षरांत असते. भाव पाहण्याआधी तेच वाचावे. दोनशे रुपयांच्या पाकिटात शंभर रुपयांची कॉफी आहे की दीडशेची, हे त्या एका ओळीवरून कळते.

सुटी पूड घेताना तर आणखी सोपे. चांगल्या दुकानात कॉफी आणि चिकोरी वेगवेगळ्या डब्यांत असतात आणि गिऱ्हाइकासमोर तराजूत घालतात. नजर तराजूकडे ठेवावी आणि पुडीवर प्रमाण लिहून मागावे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तेथील जुनी गिऱ्हाइके हेच करतात.

घरी शंका आली तर प्राधिकरणानेच सुचवलेली एक सोपी चाचणी आहे. काचेच्या ग्लासात साधे पाणी घ्यावे आणि त्यावर चिमूटभर पूड भुरभुरावी. कॉफी काही काळ वर तरंगते. चिकोरी काही सेकंदांतच खाली बसू लागते आणि जाताना पाण्यात तांबूस रंगाच्या रेघा सोडते. यावरून चिकोरी आहे की नाही एवढे समजते. किती आहे ते सांगण्याचे काम जिभेचे.

चव घेण्याची रीत

कॉफीची चव पाहणे हा पोटापाण्याचा व्यवसाय असू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बंगळूरच्या सुनालिनी मेनन यांनी कॉफी बोर्डात गुणवत्ता विभागाचे प्रमुखपद सांभाळले आणि पुढे स्वतःची कॉफी चाचणी प्रयोगशाळा उभारली. आशियातील पहिल्या महिला व्यावसायिक कॉफी परीक्षक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ज्या क्षेत्रात परीक्षक म्हणजे पुरुषच अशी समजूत होती, तेथे एका स्त्रीच्या जिभेचा शब्द मळेवाल्यांनी मानला.

व्यावसायिक परीक्षकांची पद्धत ठरलेली असते. सुमारे दीडशे मिलीलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम पूड, पाणी उकळीच्या जरा खाली, चार मिनिटे थांबणे, वर आलेला थर चमच्याने मोडून वास घेणे आणि मग चमच्यातून जोरात भुरका मारणे. भुरक्याने कॉफी तोंडभर पसरते आणि वास नाकापर्यंत पोहोचतो. गंध, चव, आंबटपणा, दाटपणा, मागे राहणारी चव, सगळ्यांचा समतोल अशा निकषांवर शंभरपैकी गुण देण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे. त्यात ऐंशीच्या पुढे गेलेली कॉफी खास प्रतीची मानतात.

घरी एवढा थाट नको. तीन सारखे कप घ्यावेत. पहिल्यात चिकोरी नसलेली प्लांटेशन, दुसऱ्यात ८० टक्के कॉफी व २० टक्के चिकोरी, तिसऱ्यात ६०-४०चे मिश्रण. प्रत्येक कपात सपाट भरलेले चार लहान चमचे पूड. कपांच्या तळाला चिठ्ठ्या चिकटवाव्यात आणि ज्याने कप भरले त्याने चव पाहू नये. नाही तर महागडी पूड आपोआपच चांगली लागते. दूध नको, साखर नको. सकाळी, पण दात घासल्या घासल्या नव्हे. टूथपेस्टची चव जिभेवर असताना काहीच कळत नाही. कपाळाला लावलेला बाम किंवा अत्तरसुद्धा घात करते.

गरम पाणी ओतल्यावर आधी नुसते पाहावे. ताज्या, निर्भेळ पुडीचा वर जाड, फसफसणारा थर येतो. चिकोरी जास्त असेल तर थर पातळ राहतो आणि पाणी लगेच काळे होते. पूड शिळी असेल तरी फेस येत नाही. मग थर मोडून वास घ्यावा. तो भाजलेल्या दाण्यांसारखा आहे, गुळासारखा आहे की जळक्या लाकडासारखा? त्यानंतर पहिला भुरका.

तीन कपांचा निकाल

पहिला कप बहुतेक मराठी घरांत नापास होतो. जिभेच्या कडांना आंबूसपणा जाणवतो आणि घरचे म्हणतात, ‘‘ही तर खराब झाली आहे.’’ खराब झालेली नसते. धुतलेल्या अरेबिकाचा हाच तर गुण. संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा हा आंबटपणा स्वच्छ असेल आणि लगेच विरत असेल तर बी चांगली समजावी. ताकासारखा किंवा व्हिनेगरसारखा असेल तर मात्र बी आंबवताना काही चुकले आहे.

दुसऱ्या कपात आंबटपणाची धार बोथट झालेली असते. चिकोरीचा गोडवा मागून येतो, तरी कॉफीचा गंध पुढे राहतो. घोट गिळल्यावर मिनिटभर तोंडात भाजल्याची चव रेंगाळते आणि जीभ कोरडी पडत नाही. सौम्य म्हणतात ती ही.

तिसरा कप पहिल्या घोटाला आवडून जातो. दाट, गडद, गोडसर. त्याची खरी परीक्षा थंड झाल्यावर. पंधरा मिनिटांनी तिन्ही कप पुन्हा चाखावेत. चांगली कॉफी थंड होताना उलगडत जाते, तिचा गोडवा वाढल्यासारखा वाटतो. तिसरा कप मात्र थंड झाल्यावर काढ्यासारखा लागतो. कडवटपणा जिभेच्या मागे चिकटून बसतो आणि कॉफी कोठे गेली ते कळत नाही. गरमपणात जे लपले होते ते उघडे पडते.

यानंतर तिन्हींत दूध घालून पाहावे. येथे निकाल थोडा बदलतो. पहिला कप दुधात अगदी फिका पडतो, त्याचा आंबूसपणा दुधाशी जुळत नाही. चेन्नईच्या लोकांनी चिकोरी का स्वीकारली, ते तेव्हा पटते. दुसरा कप दुधातही टिकून राहतो. तिसरा रंगाने सगळ्यांत देखणा दिसतो, पण चवीला नुसते गोडसर दूध. दूध घालून कॉफी पिणाऱ्या घराला सौम्य कॉफी हवी असेल तर मध्यम भाजलेली प्लांटेशन आणि १५ ते २० टक्के चिकोरी ही सुरुवात योग्य ठरते. दुधात आणखी जोर हवा असेल तर चिकोरी वाढवण्याऐवजी थोडी धुतलेली रोबस्टा मिसळून पाहावी. काळी कॉफी पिणाऱ्याने चिकोरीच्या वाटेला जाऊ नये.

दोष पुडीचा की फिल्टरचा?

मिश्रणाला नावे ठेवण्याआधी स्वयंपाकघरात डोकावणे आवश्यक असते. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याला तळाशी बारीक भोके आणि आत दांडीची चकती. पूड भरून चकतीने हलकेच दाबायची. जोरात दाबली तर पाणी उतरत नाही आणि काढा कडू होतो. न दाबता पाणी ओतले तर ते भराभर खाली जाते आणि काढा पाणचट उतरतो. पाणी खळखळ उकळले की गॅस बंद करून क्षणभर थांबावे, मग ओतावे आणि झाकण लावून पंधरा-वीस मिनिटे विसरून जावे. दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेला काढा हा नेहमीच फिका आणि कडसर असतो. त्यावरून पुडीचा निवाडा करू नये. तयार काढा पुन्हा उकळणे म्हणजे त्याचा जीव घेणे.

पाण्याचाही हात मोठा असतो. चेन्नईत कोणाकडे बोअरचे पाणी, कोणाकडे कॅनचे, कोणाकडे फिल्टर केलेले. बोअरच्या जड पाण्यातील क्षार कॉफीचा आंबटपणा मारून टाकतात आणि चव सपाट होते. पुण्यात छान लागलेली पूड चेन्नईत बेचव लागली तर आधी पाणी बदलून पाहावे.

तिसरी गोष्ट हवा. समुद्रकाठच्या दमट हवेत दळलेल्या कॉफीचा वास आठवड्या-दोन आठवड्यांत उडतो. अर्धा किलो एकदम घेण्यापेक्षा शंभर-दोनशे ग्रॅम घ्यावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि ओला चमचा त्यात कधीही घालू नये.

आणि दूध. कुंभकोणमच्या ‘डिग्री कॉफी’ची ख्याती दुधामुळेच झाली. दुधाची शुद्धता लॅक्टोमीटरच्या अंशांत, म्हणजे डिग्रीत, मोजत आणि त्यावरून हे नाव पडले, असे एक स्पष्टीकरण देतात. ‘चिकोरी’चा अपभ्रंश होऊन ‘डिग्री’ झाले, असे दुसरे. दोन्हींतले खरे कोणतेही असो, ताज्या, एकदाच उकळलेल्या दुधाने कॉफी गोड होते आणि चार वेळा तापवलेल्या सायभरल्या दुधाने तिचा गंध दबतो, एवढे निश्चित. दावरा-टंबलरमध्ये ती उंचावरून ओततात ती नुसत्या दिखाव्यासाठी नव्हे. त्याने फेस येतो, साखर मिसळते आणि जीभ भाजणार नाही इतपत कॉफी निवते. निवलेल्या कॉफीचीच चव नीट कळते.

सौम्य, पण कोणासाठी?

तमिळ घरांत कॉफी काही युगानुयुगे नव्हती. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी तिच्या आगमनाचा इतिहास लिहिला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अनेक घरांत सकाळी नीरागारम, म्हणजे रात्रीच्या भातावरचे आंबूस पाणी, पीत. ती जागा कॉफीने घेतली तेव्हा कॉफीने घर बिघडते अशी ओरडही झाली. आज ती ओरड राहिली नाही, पण किती प्यावी हा प्रश्न उरला आहेच.

अरेबिकात साधारण एक ते दीड टक्का कॅफिन असते, रोबस्टात जवळजवळ त्याच्या दुप्पट. म्हणून चवीला मऊ वाटले तरी रोबस्टा मिसळलेले मिश्रण शरीराला सौम्य नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये असे म्हटले आहे. दीडशे मिलीलिटर कॉफीत ८० ते १२० मिलीग्रॅम कॅफिन असू शकते. म्हणजे तीन कपांतच मर्यादा गाठली जाते. गर्भवती स्त्री दिवसाला ३०० मिलीग्रॅमहून अधिक कॅफिन घेत असेल तर तिने ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. अशा वेळी केवळ ‘माइल्ड’ पुडीवर विसंबून चालत नाही. कप मोजावे लागतात आणि डॉक्टरांना विचारावे लागते.

याच मार्गदर्शिकेतील दुसरा सल्ला बायकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवणारी आणि जेवता जेवताच कॉफीचा टंबलर जवळ ओढणारी गृहिणी, जिला आधीच रक्त कमी असते, तिच्यासाठी कॉफीच्या जातीपेक्षा तिची वेळ जास्त महत्त्वाची.

तेव्हा एका घरात दोन पुड्या ठेवायला हरकत नाही. सकाळी कामावर जाणाऱ्यांसाठी ८०-२० आणि संध्याकाळी झोपेची तक्रार करणाऱ्या सासऱ्यांसाठी चिकोरी जरा जास्त असलेली, रोबस्टा अजिबात नसलेली, तीही अर्धा कप. ज्या मिश्रणाला जिभेने पहिल्या परीक्षेत नापास केले, तेच येथे उपयोगी पडते. फक्त ते चिकोरीच्या भावात घ्यावे, कॉफीच्या नव्हे.

पसंत पडलेले प्रमाण, भाजणी आणि दळण एका कागदावर लिहून तो डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा. पुढच्या वेळी दुकानात जाताना ‘माइल्ड’ हा शब्द घरी ठेवावा आणि सांगावे, ‘‘प्लांटेशन ए, मध्यम भाजलेली, चिकोरी वीस टक्के, पावशेर.’’ एवढे ऐकल्यावर काउंटरमागचा माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. तो सरळ तराजू पुढे ओढतो.